वडिलांची मोबिलिटी स्कूटर दोनदा धडकली, चावी काढून घ्यावी का?

तुम्ही विचारलंय, की ७४ वर्षांच्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची गाडी) घेतली. ती सुरक्षित कशी वापरायची, देखभाल काय करायची आणि बॅटरी किती वर्षं चालते. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय, की दोनदा धडकली म्हणून चावी आता तुमच्याकडे असते आणि भाऊ विकून टाका म्हणतोय. मी लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीमुळे.

मी स्वतः ९ वर्षं स्कूटर वापरतेय. लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट) आणि काखेत कुबडी, यावर चाळीसेक वर्षं काढली. मग ज्या खांद्यांनी एवढी वर्षं शरीर ओढलं ते खांदेच गेले. पोलिओ होऊन गेलेल्यांना कित्येक वर्षांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो, धडधाकट समजल्या जाणाऱ्या हातापायांतही येतो, आणि तेव्हा स्नायूंना रेटत राहिलं तर ते आणखी जातात. डॉक्टरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, तरी माझ्या थोरल्या भावाचं एकच पालुपद होतं: "त्या गाडीवर बसलीस की उरलंसुरलं चालणंही सोडशील." मी बसले. दीड वर्ष एक ओरखडा न काढता चालवली. आणि मग तो दिवस आला, ज्याला आमच्या घरात अजूनही "हिने गाडी भिंतीवर घातली तो दिवस" म्हणतात.

मी घातली नव्हती. काय झालं ते कळायला या गाडीचा ब्रेक कळावा लागतो, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

सायकलला किंवा मोटारसायकलला आपण ब्रेक लावतो. इथे उलटं आहे. मोटरला जोडलेला विजेवरचा ब्रेक असतो, तो स्प्रिंगच्या जोराने कायम लागलेला असतो. हँडलवरची लिव्हर, म्हणजे गाडी चालवायची पट्टी, दाबली की ब्रेकला वीज मिळते आणि तो सुटतो. लिव्हर सोडली की गाडी आधी मोटरच्या जोरावर मंदावते आणि थांबता थांबता ब्रेक पुन्हा बसतो. म्हणून बंद गाडी ढकलून हलत नाही, बॅटरी संपली तरी ती उतारावरून घसरत नाही. फार विचार करून केलेली रचना आहे ही. पण गाडी बंद असताना हलवायची गरज पडतेच, त्यासाठी मागे चाकांजवळ एक खटका असतो. तो वर केला (काही गाड्यांत खाली, काहींत बाजूला) की ब्रेक सुटतो आणि गाडी बाळाच्या ढकलगाडीसारखी मोकळी होते. फ्रीव्हील म्हणतात त्याला. त्या अवस्थेत चावी लावा, काढा, लिव्हर धरा, सोडा, तो ब्रेक लागत नाही.

माझी गाडी दाराबाहेरच्या सपाट भागावर उभी असायची, मागची बाजू रॅम्पकडे. त्या सकाळी दादाला त्याची मोटारसायकल काढायची होती आणि माझी स्कूटर आडवी येत होती. मला हाक मारण्याऐवजी त्याने मागचा लाल खटका वर केला, गाडी बाजूला सारली, आपलं काम झाल्यावर पुन्हा जागेवर आणून ठेवली. खटका तसाच राहिला. मी तासाभराने बाहेर आले, हात टेकायचा दांडा वर केला, नेहमीसारखी बसले. माझं वजन पडल्यावर गाडी वीतभर मागे सरकली. मला वाटलं भास झाला. तोवर मागची चाकं रॅम्पवर गेली होती. उतार फार नाही, पाच-सहा पावलांचा. पण मागे बघता येत नाही, ब्रेक म्हणून धरायला हातात काही नाही, आणि गाडी माझ्यासकट शे-दीडशे किलो. ती वाकडी होऊन कुंपणाच्या भिंतीवर आडवी झाली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. तेही कुबडीच्या हाताचं.

मला उचललं तेव्हा गाडीची चावी माझ्या डाव्या मुठीत होती. मी ती अजून लावलीच नव्हती. शेजारच्या वहिनींनी मूठ उघडून ती काढून घेतली, त्या साक्षीला आहेत. तरी दादाचं म्हणणं, की पडताना काढली असशील. पडता पडता चावी कोण काढतं?

सहा आठवडे प्लास्टर. कुबडी धरता येईना म्हणून सहाही आठवडे पलंगावर. आणि प्लास्टर निघालं तोवर घरात ठरून गेलं होतं: गाडी ताडपत्रीखाली, चावी दादाच्या कपाटात, विषय संपला. नेमकं काय झालं, हे मला कोणी विचारलं नाही. पडलं कोण तर मी, म्हणजे चूक माझी. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाच्या बाबतीत हा निकाल फार झटपट लागतो. पंचविशीतल्या मुलाने गाडी खांबाला घासली तर कोणी त्याची चावी कायमची काढून घेत नाही.

चार महिन्यांनी मी हट्टाने मेकॅनिकला बोलावलं. चावी लावल्यावर गाडीने बीप बीप केलं आणि जागची हलली नाही. तो मागे गेला, खाली वाकला आणि म्हणाला, "हा खटका कोणी वर केलाय?" खाली केला, चावी बंद करून पुन्हा लावली, गाडी चालली. दादा दारात उभा होता. म्हणाला, हिनेच केला असेल. तो खटका सीटच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर आहे. कॅलिपर लावून मला तिथवर वाकता येत नाही, सीटवरून हात पोचत नाही. हे त्याला माहीत आहे.

गाडी चालली म्हणाले, पण वीस पावलं गेल्यावर चार्जचा काटा हिरव्यावरून थेट लालवर. ताडपत्रीखाली चार महिने चार्ज न करता पडून बॅटऱ्यांची जोडी मेली होती. म्हणजे तुमच्या बॅटरीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अनुभवाने आलेलं आहे. बहुतेक स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ही बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणून गाडी रोज वापरणाऱ्यापेक्षा न वापरणाऱ्याची बॅटरी लवकर जाते. "फार चार्ज केली तर खराब होईल" हे जुनं खूळ डोक्यातून काढा. वापर थोडा झाला तरी रात्री चार्जिंगला लावा, चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत मध्ये काढू नका. महिनाभर वापरणार नसलात तरी महिन्यातून एकदा पूर्ण भरा. रात्रभर विसावलेली, भरलेली चांगली जोडी मीटरवर २५.५ व्होल्टच्या आसपास दाखवते. २४ दिसले तर बरीच रिकामी आहे. बदलताना दोन्ही एकदम बदला. एक नवी, एक जुनी असं केलं तर जुनी नवीलाही घेऊन जाते. आणि मोटारगाडीची बॅटरी बसते म्हणून बसवू नका. ती इंजिनाला क्षणभर झटका देण्यासाठी असते, तासन् तास हळूहळू रिकामी होण्यासाठी नाही. माझी पहिली जोडी कपाटातल्या चावीने मारली, दुसरी तीन वर्षं आणि काही महिने गेली, तिसरी सध्या चालू आहे. वर्षांचा आकडा कोणी ठामपणे सांगत असेल तर तो विकणारा असेल.

काट्याचंही सांगते. तो चढावर पडतो आणि थांबल्यावर पुन्हा वर येतो. थांबलेल्या गाडीचा काटा बघून लांब जाऊ नका, सपाटीवर चालताना बघा. आणि माहितीपत्रकात लिहिलेलं अंतर सपाट रस्ता आणि नवी बॅटरी धरून असतं. मी त्याच्या निम्मंच धरते.

आता वडिलांच्या दोन धडका. कुठे झाल्या, पुढे जाताना की मागे येताना, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. माझा अंदाज सांगते. एक शक्यता, वेगाची चकती. कासव आणि ससा काढलेला असतो ना, ती. बाहेर सशावर ठेवलेली तशीच घरात आली की दार आणि भिंत एकदम अंगावर येतात. घरात शिरण्याआधी कासवावर, हा नियम हातात बसेपर्यंत वडिलांना रोज आठवण करा, ओरडून नव्हे. दुसरी शक्यता जास्त वाईट आणि ती त्यांची चूकही नाही. माणूस घाबरला की मूठ आवळतो. इथे मूठ आवळली की लिव्हर दाबली जाते आणि गाडी थांबण्याऐवजी जोरात जाते. थांबायला हात उघडावा लागतो. हे शरीराच्या सवयीच्या विरुद्ध आहे, समजावून सांगून येत नाही, सरावानेच येतं. मोकळ्या पटांगणात कासवावर चालवायला लावा आणि मध्येच "हात उघडा" म्हणा. वीस वेळा, तीस वेळा. मी तसंच शिकले. चालत्या गाडीची चावी बंद करणं हा ब्रेक समजू नका. ती जागच्या जागी गचकन थांबते, माणूस पुढे फेकला जातो. दुसरा काही उपाय उरला नाही तरच.

तिसरी शक्यता, लिव्हरच अडकते. चावी काढून लिव्हर दाबा आणि सोडा. टक्कन मधोमध यायला हवी. रेंगाळत असेल तर गाडी आजच मेकॅनिककडे. चढता-उतरताना चावी लावलेली असणं हेही मोठं कारण: बाही, ओढणी, हँडलला लटकवलेली पिशवी लिव्हरवर येते आणि माणूस अर्धवट उठलेला असताना गाडी चालायला लागते. चावी बसल्यावर लावायची, उठण्याआधी काढायची. सीट फिरवून बसत असतील तर ती पुढे येऊन खटकन अडकल्याशिवाय निघायचं नाही. हँडलला पिशवी नको, सीटच्या पाठीला जड सामान नको. मागचं वजन चढावर गाडी उलथवतं.

तीन चाकी की चार चाकी, असंही विचारलंय. तीन चाकी घरात छान वळते, बाहेर वळणावर वेग असेल तर कलंडते. बाहेर जायचं तर चार चाकीच. तरी चारही चाकं जपून. उताराला आडवं जायचं नाही, सरळ चढायचं आणि सरळ उतरायचं. चढताना अंग पुढे, उतरताना वेग आधीच कमी. उतारावर वळायचं नाही. फुटपाथची कड तिरकी घ्यायची नाही, समोरून काटकोनात. कड पुस्तिकेत दिलेल्या उंचीपेक्षा जास्त असेल तर ती घ्यायचीच नाही, लांबचा रस्ता धरायचा.

देखभालीत बाकी फार काही नाही. हवेची टायरं असतील तर टायरच्या कडेवर लिहिलेला दाब ठेवा. एका बाजूला हवा कमी झाली की गाडी तिकडे ओढते आणि बॅटरीही जास्त खाते. पाण्याच्या नळीने कधीही धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी पेटी) आणि जोडण्यांत पाणी गेलं की खर्च मोठा. आर्मरेस्ट, सीटचा खांब, मागची उलथू न देणारी छोटी चाकं हलवून बघत जा. बिघाड झाला की गाडी ठरावीक वेळा बीप करते किंवा दिवा लुकलुकतो. किती वेळा ते मोजा आणि मेकॅनिकला फोनवर तोच आकडा सांगा.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. प्रत्येक मॉडेलचा खटका वेगळ्या जागी आणि वेगळ्या दिशेने असतो, पुस्तिका उघडा. लिथियम बॅटरी असेल तर चार्जिंगचं मी वर लिहिलेलं सगळं लागू नाही; तिचाच चार्जर वापरा आणि पुस्तिकेप्रमाणे चाला. बॅटरी कुठलीही असो, बाहेर पडायच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. आणि वडिलांची नजर कमी झाली असेल, गुंगी आणणारं औषध चालू असेल किंवा विसरभोळेपणा वाढला असेल, तर मी त्यांच्या बाजूने कितीही बोलले तरी आधी डॉक्टरांना दाखवा. तसं निघालं तर चावीचा विचार वेगळा करावा लागेल, पण तोही त्यांना समोर बसवून.

तसं काही नसेल तर चावी परत द्या. आणि तुमच्या भावाला हे सांगा: गाडी ज्याने हलवली त्याने खटका खाली करायचा, मग मागून दोन्ही हातांनी ढकलून बघायचं. हलली तर अजून मोकळी आहे, कोणाला बसू द्यायचं नाही. वडिलांनाही बसण्याआधी हेच करायला शिकवा, सीटला एक धक्का देऊन बघायचा. मी गेली सात वर्षं रोज देते. माझ्या खटक्याला मी पिवळी चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि सीटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: हलवायची असेल तर मला हाक मारा. दादा ते वाचून काही बोलला नाही. मारतो आता हाक.