‘हीरोज’ ही अमेरिकन मालिका आता पाहायला घ्यावी का? दोन भाग पाहिले, पण एवढी पात्रं लक्षातच राहत नाहीत!

घ्या की. फक्त पहिल्या सीझनचे २३ भाग संपले की थांबा. असं सांगून कुणी थांबत नाही, मीही थांबलो नव्हतो, तरी सांगून ठेवतो.

पात्रांचं फार मनावर घेऊ नका. हॉस्टेलवर आम्ही सहा जण एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसायचो, नावं एकालाही पाठ नव्हती. घड्याळवाला, चष्मेवाला, टॅक्सीवाला, चिअरलीडर, एवढ्यावर भागायचं. तिकडे अमेरिकेतही चष्मेवाल्याला लोक त्याच्या चष्म्याच्या फ्रेमवरूनच ओळखायचे, कारण त्याचं नाव नोआ आहे हे सीझनच्या अगदी शेवटच्या भागात कळतं. टॅक्सीवाला म्हणजे मोहिंदर सुरेश, वडिलांच्या खुनाचा माग काढत मद्रासहून न्यूयॉर्कला आलेला प्राध्यापक. मद्रासच्या माणसाचं नाव मोहिंदर कुणी ठेवलं, यावर आमचा अर्धा तास गेला होता.

साध्यासुध्या माणसांना अचानक अचाट शक्ती मिळतात, अशी ही गोष्ट. ही गर्दी सुरुवातीला खपते, कारण कुणीच कुणाला ओळखत नसतं. टोकियोतल्या ऑफिसात हिरो नाकामुरा भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे ताणून बघतो आणि सेकंदकाटा एक घर मागे येतो. फक्त एक सेकंद! त्याचा आनंद बघा, जग वाचवल्यासारखा. टेक्ससमधली चिअरलीडर क्लेअर उंचावरून उडी मारते, मोडलेली हाडं पुन्हा जागच्या जागी बसवते, आणि हे घरी कसं सांगायचं या काळजीत असते. खुनी सायलर तर सुरुवातीचे बरेच भाग नुसती सावली आहे. या सुट्या माणसांच्या वाटा एकमेकांना कुठे छेदतात, तीच खरी गंमत. म्हणून कोण कोणाचा कोण, हे आधी विकिपीडियावर शोधू नका.

सतरावा भाग, ‘कंपनी मॅन’, मात्र फोन बाजूला ठेवून पाहा. बाकीची बहुतेक मंडळी त्यात नाहीतच. बेनेट कुटुंबाचं, म्हणजे चष्मेवाला आणि त्याची मुलगी क्लेअर यांचं घर, दोन घुसखोर, आणि मधूनमधून कृष्णधवल भूतकाळ. घर पेटलेलं असताना क्लेअर आत जाते आणि जळून कोळसा झालेली चालत बाहेर येते. तिची कातडी हळूहळू भरून येते आणि बाप समोर उभा राहून बघत असतो. नंतर पुलावर तो आपल्याच साथीदाराला सांगतो, मला गोळी घाल आणि मुलीबद्दलचं सगळं डोक्यातून पुसून टाक. तोवर आम्हाला हा माणूस खलनायक वाटत होता.

पुढे बिघडलं कुठे? माझ्या मते शक्तींच्या वाटपात. हिरो काळ थांबवू शकतो, आणखी एक नायक पीटर दुसऱ्याच्या शक्ती उचलतो, म्हणजे कुठलंही संकट या दोघांनी पाच मिनिटांत निपटायला हवं. मग लेखक काय करणार? दुसऱ्या सीझनमध्ये हिरोला १६७१ च्या जपानात पाठवलं आणि पीटरची स्मृती घालवून त्याला आयर्लंडमध्ये बसवलं. त्यात हॉलिवूडमधल्या लेखकांचा संप आला आणि तो सीझन ११ भागांत आटोपला. मालिकेचे कर्ते टिम क्रिंग यांनी तर सीझन चालू असतानाच संथ कथेबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली. दर सीझनला नवी माणसं आणायची असा त्यांचा मूळ विचार होता म्हणे. पण लोकांचा जीव जडलेली पात्रं कोण काढणार? सायलरला तर इतक्यांदा सुधारला आणि इतक्यांदा बिघडवला की आम्ही मोजणं सोडलं.

तरी २०१० पर्यंत चारही सीझन पाहिले. २०१५ मध्ये तिचीच पुढची मालिका ‘हीरोज रीबॉर्न’ आली, तेव्हा हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने विचारलं, “घड्याळवाला आहे का यात?” आहे म्हटल्यावर आम्ही पुन्हा बसलो, आता सहा घरांत सहा जण.