आठातली पाचवी मात्रा हवेत

तुमची अडचण मला कळली ती अशी: गिटार शिकायला लागून चार महिने झालेत, जी, सी, डी आणि ई मायनर या कॉर्ड लागतात, 'डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप' हा फटक्यांचा पॅटर्न तोंडपाठ आहे, पण गायला लागलं की उजवा हात अडखळतो. म्हणून याहून सोपा पॅटर्न विचारताय.

सोपा पॅटर्न शोधू नका. आहे तो उत्तम आहे, फक्त तुम्ही तो पाढ्यासारखा पाठ केलाय. मीही पहिलं वर्षभर हेच केलं. सहा फटके लक्षात ठेवायचे, आणि दोन फटक्यांमधे हात तारांपाशी बसची वाट बघत उभा! आमच्या गल्लीत भजनाला ढोलकी वाजवणारे एक काका होते. त्यांना गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं. गिटार बाजूला ठेवायला लावली आणि आठवडाभर मांडीवर केरवा ताल धरायला लावला. तेव्हा राग आला होता, ते सोडा.

केरव्याच्या मात्रा आठ: धा गे ना ति, न क धि न. आता उजवा हात या आठ मात्रांवर सोडा. १, ३, ५, ७ ला हात खालच्या दिशेनं जाणार आणि २, ४, ६, ८ ला वर येणार. हे कधीही बदलायचं नाही, तार लागो वा न लागो. पाळणा जसा आपल्या गतीनं जात-येत राहतो, तसं. मग तुमचा पॅटर्न त्यावर मांडून बघा: १ डाऊन, ३ डाऊन, ४ अप, ६ अप, ७ डाऊन, ८ अप. उरल्या २ आणि ५. त्या दोन्हीला हात फिरतोच, फक्त तारांना न शिवता.

दुसऱ्या मात्रेला फारसं कुणी चुकत नाही. सगळे आपटतात पाचवीला. कारण ४ ला अप, ६ ला पण अप, आणि मधे हात गुपचूप खाली आणायचाय. गंमत बघा, केरव्यात पाचवी मात्रा म्हणजे नेमकी 'खाली', म्हणजे रिकामी. जिथे टाळी न देता हात नुसता हवेत सोडायचा, तीच जागा! हा योगायोग असेल, पण मला यानंच डोक्यात प्रकाश पडला. भजनात टाळ्या धरलेल्या माणसाला ही रिकामी जागा वेगळी शिकवावी लागत नाही.

सरावाला कॉर्डच नको. डाव्या हाताची बोटं सहाही तारांवर हलकी टेकवा, दाबू नका; नुसता 'छक छक' आवाज यायला हवा. मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगानं टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावा, प्रत्येक टिकेला डाऊन. म्हणजे एका टिकेत दोन मात्रा आणि आठ मात्रांचं एक आवर्तन चार सेकंदांत. तोंडानं एक ते आठ मोठ्यानं मोजा. आधी आठही फटके वाजवा, मग दुसरा सोडा, मग पाचवा. पाचव्यावर दोन-तीन दिवस गेले तर जाऊ देत. हात आपोआप फिरायला लागला की वेग पाच-पाचनं वाढवा. घरच्यांना त्रास होईल, त्यांना आधी सांगून ठेवा.

आता गाणं. पूर्ण पॅटर्नवर एकदम गायला जाऊ नका. आधी समेवर, म्हणजे १ ला, फक्त एक डाऊन मारा आणि अख्खं गाणं म्हणा. हात मात्र आठही मात्रा हवेत फिरत राहिला पाहिजे. यात समेवर कुठला शब्द येतो ते कळतं. बऱ्याच गाण्यांची ओळ समेच्या आधी किंवा नंतर सुरू होते आणि आपण पहिल्या शब्दालाच सम समजून बसतो. गाताना अडखळायचं अर्धं कारण तेच. ते सापडलं की ३ घाला, मग ७, शेवटी अप.

कॉर्ड बदलताना डावा हात आठव्या मात्रेलाच सोडायचा. तेवढ्या अपला मोकळ्या तारा वाजतात, कुणाला कळतसुद्धा नाही. डाव्या हातासाठी उजव्यानं थांबायचं नाही. पुढची कॉर्ड अर्धवट लागली तरी फटका वेळेवर पडू दे.

कोळीगीतं, गरबा, गोव्यातली दुलपदं यांतली बरीच मंडळी मात्र आठात बसणार नाहीत, तिथे सहा मोजा. १ डाऊन, ३ डाऊन, ४ अप, ५ डाऊन, ६ अप, दुसरी हवेत. दादरा या सहा मात्रांच्या तालाची 'खाली' चौथ्या मात्रेवर असते आणि अप फटका मुळात हलकाच, त्यामुळे वजनही आपसूक जुळतं.

हात कोपरातून चालवू नका, मनगटातून फिरवा. थर्मामीटरचा पारा झटकतो तसा, पण सैल. अपला सहाही तारा ओढायची गरज नाही, खालच्या तीन बारीक तारा पुष्कळ झाल्या. डाऊनला जीमध्ये सहाही तारा चालतात, सीमध्ये पाच, डीमध्ये चार. डीला सगळ्यात जाड ई तार वाजली की सगळं गढूळ होतं.

प्लेक्ट्रमचं, म्हणजे तारा छेडायच्या पातळ तुकड्याचं, विचारलंय: ०.६ ते ०.७३ मि.मी.चं घ्या. जाड असलं की अपला तारेत अडकतं आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात चुकला. पकडताना टोक जेमतेम अर्धा सेंटीमीटर बाहेर ठेवा. घरंगळून गिटारच्या पोटात पडलं तर गिटार उलटी करून हलवा. माझ्या गिटारमधे एक अजून आहे.