पालकांना खरी बातमी सांगितली म्हणून विश्वस्ताला नोटीस

प्रश्न : कोल्हापुरातल्या एका अनुदानित शाळेच्या संस्थेची मी विश्वस्त आहे. शाळेत काय चाललंय ते दर महिन्याला आमच्या भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिते. गेल्या वेळी तीन गोष्टी लिहिल्या. मैदानाची रस्त्याकडची बाजू गाळ्यांसाठी ३० वर्षांच्या भाडेकराराने द्यायचा ठराव झालाय. त्यात अध्यक्षांचे हात ओले झालेत. आणि अंगचटीला येणाऱ्या एका शिक्षकाविरुद्ध सातवीतल्या मुलीने तक्रार केलीय. आता अध्यक्षांच्या वकिलांची नोटीस आलीय : सात दिवसांत माफी मागा आणि राजीनामा द्या, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावू. काय करू?

उत्तर : ताई, नोटिशीचं नंतर पाहू. तिला सात दिवस आहेत. तुमच्या तिसऱ्या बातमीला मात्र आजचाच दिवस आहे.

तुम्ही पाठवलेला मेसेज मी पाहिला. त्यात 'सातवी ब, आपल्याच गल्लीतली' असं लिहिलंय. नाव टाकलेलं नाही, पण तुकडी आणि गल्ली कळल्यावर पेठेत नाव कळायला कितीसा वेळ लागतो? मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नुसतं नाव नाही, मुलाचं घर, कुटुंब, शाळा आणि शेजारसुद्धा उघड करू नये असं स्पष्ट लिहिलंय. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नोटिशीत याबद्दल चकार शब्द नाही, पण तुमच्या सगळ्या मेसेजात मला सर्वांत जास्त काळजी याच ओळीची वाटते, आणि ती तुमच्यापेक्षा त्या मुलीसाठी. तिचं भलं व्हावं म्हणूनच तुम्ही लिहिलंत, यात मला शंका नाही. तरीही ग्रुपच्या ॲडमिनना सांगून तो मेसेज आजच काढून टाकायला लावा. आधी त्याची एक प्रत फक्त वकिलाला दाखवण्यापुरती जपून ठेवा, ती कुणालाही पुढे पाठवू नका.

तक्रार पोलिसांपर्यंत गेलीय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. 'आधी आपण आपसात चौकशी करू, शाळेचं नाव खराब नको' असं म्हणून ती थांबवली असेल, तर तसं थांबता येत नाही. ज्याला अशी माहिती आहे त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे, असं कलम १९ सांगतं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. 'प्रत्येक' म्हणजे मुख्याध्यापक आले, अध्यक्ष आले आणि तुम्हीही आलात. मुलीच्या आईला ठाण्याची भीती वाटत असेल तर तिला एवढं सांगा : मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, आणि जबाब घेताना पोलीस गणवेशात नसतात. हे कलम २४ मध्ये आहे. १०९८ वर फोन करूनही मदत मिळते.

आता नोटीस. अब्रुनुकसानीचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३५६. लोकहितासाठी केलेलं खरं विधान त्यातून वगळलंय. ३० वर्षांच्या कराराचा ठराव इतिवृत्तात आहे, मग पालकांना तो सांगितल्याबद्दल माफी कसली? ती मागू नका. 'हात ओले झालेत' हे वाक्य मात्र वेगळं. तुमच्याकडे त्याचा कागद आहे का? ऐकीव असेल तर तेवढंच वाक्य मागे घेत असल्याचं त्याच ग्रुपवर दोन ओळींत लिहा. त्याने मैदानाची बातमी खोटी ठरत नाही, उलट तिला बळ येतं.

राजीनामा तर अजिबात देऊ नका. वकिलाच्या नोटिशीने विश्वस्तपद जात नाही. संस्थेच्या घटनेप्रमाणे सभा बोलावून तुम्हाला काढलं, तरी तो बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो आणि त्या बदल अर्जावर तुम्हाला हरकत घेता येते.

मैदानाबद्दल तुमची बाजू खरोखर भक्कम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. तीन वर्षांच्या पुढे मंजुरी लागते, आणि इथे तर ३० वर्षांची भाषा चाललीय! शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवंच असं म्हटलंय. हे दोन्ही मुद्दे लिहून ठरावाला तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा. सचिव नाही म्हणाले तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवा. एक प्रत हरकत म्हणून धर्मादाय कार्यालयात आणि एक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. ही हरकत पालकांपेक्षा तुम्हीच घ्यावी, कारण विश्वस्त म्हणून तुमच्या हक्काबद्दल कुणाला शंका काढता येणार नाही. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथेच सुरू झालंय, मुंबईच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

या मातीत शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. इथल्या पालकांना मैदानाचं काय होणार हे एका विश्वस्ताच्या मेसेजमधून कळावं, हे मला मनापासून लागलं. म्हणून तुमचं हे पत्रक बंद पडू नये असं वाटतं. अनुदान किती आलं, कुठे खर्च झालं, कोणता ठराव कोणत्या तारखेला झाला, हे जरूर लिहा. अनुदानित शाळेची ही माहिती माहिती अधिकारातही मागता येते. मुलांच्या आणि शिक्षकांच्या चौकशा, थकलेल्या फीच्या याद्या यात आणू नका. आणि खाली संस्थेचं नाव न घालता फक्त तुमचं नाव घाला, कारण संस्थेच्या वतीने बोलायला ठराव लागतो, स्वतःच्या वतीने बोलायला लागत नाही.

नोटिशीचं उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या, एका पानाच्या आत. त्याला ठरावाची प्रत जोडा. मुलीच्या तक्रारीचा त्यात उल्लेखसुद्धा नको.