वाचकांचे प्रश्न : सूचना मागवल्या, पुढे काय?

प्रश्न : आम्ही सायबर सुरक्षा क्षेत्रात काम करणारी काही मंडळी मिळून एक ऑनलाइन मराठी समूह चालवतो. वर्धापनदिनानिमित्त सभासदांकडून सुधारणेसाठी सूचना मागवल्या, तेव्हा त्यांचा अक्षरशः पाऊस पडला. नवख्यांना नीट उत्तर मिळत नाही, तेच ते प्रश्न पुन्हा येतात, नियंत्रक अपुरे आहेत, त्रुटी जाहीर करण्याबाबत नियम नाहीत, असे बरेच काही त्यांत आहे. यांतील कोणत्या सूचना स्वीकाराव्यात, हे कसे ठरवावे?
– एक संयोजक, नाशिक

उत्तर : निवड नंतर करावी. त्याआधी आलेल्या प्रत्येक सूचनेला पोच गेली आहे का, हे पाहावे. एखाद्या संशोधकाने सॉफ्टवेअरमधील त्रुटी कंपनीला कळवली, तर कंपनीने ती मिळाल्याचे कळवावे, तपासून आपले म्हणणे सांगावे, ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करावी आणि काय बदलले ते जाहीर करावे, अशी अपेक्षा आपल्या क्षेत्रातील सगळेच धरतात आणि कंपनीने मौन पाळले तर तिच्यावर उघड टीकाही करतात. आपल्याच सभासदाने केलेली सूचना मात्र महिनोन्महिने अनुत्तरित पडून राहते. ती सूचना म्हणजे समूहाच्या कारभारातील त्रुटीची नोंदच असते आणि तिला तोच न्याय लावायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

सॉफ्टवेअरमधील सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्या गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' या चमूचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या चमूने त्रुटी कळवल्यापासून ९० दिवसांची मुदत ठेवली. ती उलटली की दुरुस्ती झालेली असो वा नसो, तपशील खुले होत. दुरुस्ती अगदी तोंडावर आली असताना तपशील खुले केल्याने सामान्य वापरकर्ताच अडचणीत येतो, अशी हरकत कंपन्यांकडून आली. त्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये चमूने नियम सुधारला. कंपनीने दुरुस्तीची नजीकची तारीख आधी कळवली, तर १४ दिवसांपर्यंत सवलत मिळेल आणि मुदत सुटीच्या दिवशी संपत असेल तर ती पुढच्या कामकाजाच्या दिवसावर जाईल, असे ठरले. ९० दिवसांचा मूळ आग्रह मात्र सोडला नाही. २०२० मध्ये आणखी बदल केले, ते वर्षभराचा प्रयोग म्हणून. २०२१ पासून, मुदतीत दुरुस्ती निघाली तर ती लोकांना बसवून घेता यावी म्हणून, तांत्रिक तपशील आणखी ३० दिवस राखून ठेवण्याचे धोरण आले. टीकेतील रास्त भाग घेतला, उरलेला का घेतला नाही हे कारणांसह लिहून सांगितले आणि बदलाला मुदत घातली, म्हणून हे उदाहरण मला मोलाचे वाटते.

आपणही सर्व सूचनांची एक यादी करून ती सभासदांसमोर ठेवावी. प्रत्येक सूचनेपुढे ती स्वीकारली, नाकारली की काही महिने करून पाहायची ठरवली, ते लिहावे आणि कारण दोन ओळींत द्यावे. सूचना देणाऱ्याचे नाव त्यात नसावे, म्हणजे पुढच्या वेळी नियंत्रकांविषयीची नाराजीही लोक मोकळेपणाने मांडतील. नाकारलेल्या सूचनेचे कारण लिहिणे सर्वांत जड जाते, परंतु सभासदांचा विश्वास त्यावरच टिकतो.

नियंत्रक वाढवण्याच्या सूचनेबाबत मात्र घाई करू नये. 'एक्सझेड' या माहिती संकुचित करणाऱ्या, लिनक्स या संगणक कार्यप्रणालीत सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीचा कारभार लासे कॉलिन हे गृहस्थ जवळजवळ एकहाती सांभाळत होते. २०२२ मध्ये काही जणांनी, काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या, असा लकडा त्यांच्यामागे लावला. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असे त्यांनी समजावून सांगितले, तरी दबाव थांबला नाही. पुढे ज्या उत्साही मदतनीसाकडे अधिकार गेले, त्याच्याच खात्यावरून त्या प्रणालीत चोरदरवाजा बसवला गेला आणि तो दबाव आणणारी नावेही बनावट असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत झाले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकले. त्याने त्याचा पिच्छा पुरवला म्हणून हा चोरदरवाजा उघडकीस आला. तेव्हा नियंत्रक जरूर वाढवावेत, पण आधी मर्यादित अधिकार द्यावेत, काही महिने काम पाहावे आणि सभासद वगळणे किंवा समूहाची किल्ली हाती देणे यांसारखे निर्णय एकट्याच्या हाती ठेवू नयेत. जुन्या नियंत्रकांवरचा भार हलका करण्याची कळकळ खरीच असते. तो आजच्या आज हलका करा, असा तगादा कोणी लावला तर तेथे थांबून विचार करावा.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. अशाच एका समूहात मी प्रश्न विचारला, तर 'आधी शोधून पाहा, मग विचारा' एवढेच उत्तर मिळाले. तेव्हापासून मी फक्त वाचते. सूचना मागवल्या तेव्हाही गप्प राहिले. आमच्यासारख्यांचे म्हणणे संयोजकांपर्यंत पोहोचणार कसे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपले पत्र मला फार महत्त्वाचे वाटते, कारण जे दुखावून गप्प झाले त्यांचे म्हणणे कोणत्याही सूचनापेटीत पडत नाही. संयोजकांनी गेल्या वर्षभरात एकदाच प्रश्न विचारून पुन्हा न दिसलेल्या सभासदांना स्वतःहून निरोप पाठवावा आणि त्यांना काय अनुभव आला ते विचारावे, अशी माझी विनंती आहे. आपणही एवढा अनुभव दोन वाक्यांत संयोजकांना खासगीत कळवावा.

नवख्यांना बोलते करण्याचा चांगला नमुना आपल्याकडेच आहे. 'नल' या भारतातील खुल्या सुरक्षा समुदायाच्या पुणे, मुंबईसह अनेक शहरांत विनामूल्य बैठका होतात आणि २०१० पासून गोव्यात भरू लागलेली 'नलकॉन' ही परिषद याच समुदायातून उभी राहिली. बैठकांत 'न्यूज बाइट्स' नावाचे एक छोटे सत्र असते. त्यात गेल्या काही आठवड्यांतील सुरक्षाविषयक घडामोडी सांगायच्या असतात. त्यासाठी स्वतःचे संशोधन लागत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच बोलणाऱ्यालाही ते जमते. हाताने करून शिकायचे असेल तर हल्ल्याच्या बाजूने 'हमला' आणि संरक्षणाच्या बाजूने 'बचाव' अशी वेगळी सत्रे असतात. ऑनलाइन समूहातही अशी सोपी पहिली पायरी ठेवता येईल.

प्रश्न कसा विचारावा, हे शिकवण्याची जबाबदारीही समूहाचीच आहे. कोणती प्रणाली आणि तिची कोणती आवृत्ती, नेमके काय केल्यावर बिघाड झाला, पडद्यावर कोणता संदेश आला, तो जसाच्या तसा, एवढे सांगितले तर उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम होते. मात्र लॉग (यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद) किंवा पडद्याचे छायाचित्र टाकण्यापूर्वी ते निरखून पाहावे. विंडोजच्या लॉगमध्ये फाइलचा मार्ग 'युजर्स' या फोल्डरमधून जातो आणि त्यापुढे बहुधा वापरकर्त्याचे नावच असते. छायाचित्राच्या कडेला उघड्या राहिलेल्या खिडकीत मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय पत्ता दिसत असतो. हे झाकायला सांगणारी सूचना समूहाच्या दर्शनी भागी असावी. तिच्याशेजारीच दोन गोष्टी ठळक लिहाव्यात. खात्यातून पैसे गेले असतील तर समूहात विचारत बसण्यापूर्वी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. खंडणीखोर व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या असतील तर यंत्र नेटवर्कपासून तोडावे, पण त्या फाइल पुसू नयेत, कारण काही व्हायरसांच्या चाव्या पुढे उपलब्ध होतात. युरोपोल आणि डच पोलिसांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात अशा चाव्या विनामूल्य मिळतात.

प्रश्न : आमच्या समूहात एका तरुणाने एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळातील त्रुटी पुराव्यासह सर्वांसमोर मांडली. काही सभासद म्हणतात ती काढावी, काही म्हणतात हीच खरी जागृती. नियम काय असावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ती मांडणी समूहातून ताबडतोब काढावी. पुराव्यात विद्यार्थ्यांची माहिती असेल तर तिच्या प्रतीही ठेवू नयेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हेतू चांगला होता, हे सिद्ध करण्याची वेळच त्या तरुणावर येऊ नये.

नियम असा असावा की त्रुटी आधी संबंधित संस्थेला कळवावी. अनेक संकेतस्थळांवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाइल असते, तिच्यात कोणाला कळवायचे ते दिलेले असते. तेथे दाद लागली नाही, किंवा संस्थेशी थेट बोलण्याची धास्ती वाटत असेल, तर २००४ पासून कार्यरत असलेल्या 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेकडे त्रुटी कळवता येते. समूहातील एखाद्या अनुभवी सभासदाने पत्राचा मसुदा लिहायला त्या तरुणाजवळ बसावे. दुरुस्ती झाल्यावर, संस्थेच्या संमतीने, त्याने ती त्रुटी कशी ओळखली हे समूहात सविस्तर सांगावे. जागृती हवी असलेल्या सभासदांना त्यातूनच अधिक शिकायला मिळेल.