धुळ्यात राहून चामड्याची बॅग हाताने शिवायला कसं शिकावं? मशीन नाही.

मशीन नाही म्हणून थांबू नका, बॅगेला हातशिलाईच जास्त टिकते. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवायची आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एका बाजूला दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनची टीप अशा वेळी उसवत जाते. दोरा शिवणीच्या साधारण चौपट घ्या, मेण लावून. भोकं एकमेकांपासून ४ मिलिमीटरवर, आरी (भोकं पाडायचं टोकदार हत्यार) सरळ धरून. हात बसेपर्यंत कतरणींवरच शिवा.

बॅगेत खरी मेख क्रमाची. खिसा, बक्कल, पट्ट्याच्या कड्या हे सगळं भाग सपाट असतानाच शिवून टाका, बाजूची पट्टी त्यानंतर. एकदा बॅग बंद झाली की आत हात नीट चालत नाही. म्हणून आधी पुठ्ठ्याची बॅग करून बघाच.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जमलं तर जा, खोगीर-लगामांची शिवण उलटून पालटून बघा. आणि रापीला (चामडं कापायच्या पात्याला) धार लावणं गावातल्या चर्मकार काकांकडे बसूनच शिका, व्हिडिओवरून ते हातात येत नाही.