वाचकांचे प्रश्न : फ्रीसिव्हचा सर्व्हर आणि त्याच्या आज्ञेतले पर्याय

गेल्या महिन्यात ‘फ्रीसिव्ह’ या मुक्त स्रोत रणनीती-खेळाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ साली हा खेळ लिहायला घेतला आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. अगदी सुरुवातीपासून त्याचे सर्व्हर (खेळ चालवणारा) आणि क्लायंट (खेळाडूच्या पडद्यावर खेळ दाखवणारा) असे दोन स्वतंत्र भाग आहेत, आणि म्हणूनच चार घरांतली चार माणसे एकाच नकाशावर खेळू शकतात. आलेले पाचही प्रश्न सर्व्हरविषयीच आहेत. आज्ञा आणि पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष टंकताना रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंकच वापरावेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर शनिवारी रात्री खेळतो. सर्व्हर माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. कोणी नसताना तो विनाकारण चालू राहू नये म्हणून मी सर्व्हर सुरू करण्याच्या आज्ञेत ‘--क्विटआयडल ६००’ असे लिहिले होते. मागच्या शनिवारी आम्ही ५८व्या फेरीवर थांबून जेवायला उठलो आणि सगळेच बाहेर पडलो. तासाभराने परत जोडले गेलो, तर समोर नवा खेळ सुरू होण्याची वाट पाहणारा रिकामा सर्व्हर. तीन शनिवारांचा खेळ गेला का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा गेलेला नाही. मात्र हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या सर्व्हरवर नवा खेळ सुरू करू नका.

‘क्विटआयडल’ या नावावरून कोणाचाही असाच समज होतो, की दिलेल्या सेकंदांत कोणी खेळाडू जोडलेला नसेल तर सर्व्हर बंद होईल. प्रत्यक्षात हा पर्याय एकटा दिला तर मुदत संपल्यावर चालू खेळ संपतो आणि सर्व्हर नव्या खेळासाठी पुन्हा सज्ज होतो. तो खरोखर बंद व्हावा असे वाटत असेल, तर सोबत ‘--एक्झिट-ऑन-एंड’ हा दुसरा पर्याय द्यावा लागतो, कारण खेळ संपल्यावर पुन्हा सुरुवात करायची की बाहेर पडायचे हे तोच ठरवतो. तुमच्या टर्मिनलवर (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) किंवा लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या, फाइलमध्ये ‘रीस्टार्टिंग फॉर लॅक ऑफ प्लेयर्स’ अशी ओळ सापडेल. दोन्ही पर्याय दिले असते, तर तिथे ‘शटिंग डाउन’ हे शब्द आले असते.

आता खेळ परत मिळवण्याविषयी. खेळाडूंअभावी खेळ संपवण्यापूर्वी अलीकडच्या आवृत्त्या तो आपोआप जतन करतात. त्याशिवाय ठरावीक फेऱ्यांनंतर जतन झालेल्या फायली असतातच. ‘--सेव्हज’ हा पर्याय तुम्ही दिलेला दिसत नाही, त्यामुळे त्या फायली तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे राहून सर्व्हर सुरू केलात तिथेच पडलेल्या असतील. नावात टी या अक्षरानंतर चार अंकांत फेरीचा क्रमांक असतो, म्हणजे तुम्हाला टी००५८ शोधायचे आहे. आधी त्या सगळ्या फायलींची दुसऱ्या फोल्डरमध्ये नक्कल करा, म्हणजे नव्या खेळाच्या फायली जुन्यांवर लिहिल्या जाण्याचा धोका उरणार नाही. मग सर्व्हर थांबवा आणि ‘फ्रीसिव्ह-सर्व्हर --फाइल’ यापुढे त्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहून पुन्हा सुरू करा. खेळाची सेटिंगे त्या फाइलमध्येच साठवलेली असतात. मित्रांनी पूर्वीच्याच नावांनी जोडून घ्यावे, म्हणजे ज्याचे राज्य त्याला मिळेल.

फायली कुठे जातात हा मुद्दा मी जरा आग्रहाने मांडतो आहे, कारण दोन पावसाळ्यांपूर्वी मी स्वतः त्यात अडकलो होतो. खेळ चालू असताना वीज गेली. ती आल्यावर मी घाईत दुसऱ्याच फोल्डरमधून सर्व्हर सुरू केला, आणि जतन केलेले काहीच दिसत नाही म्हणून भावंडांना खेळ बुडाल्याचे कळवूनही टाकले. फायली शेजारच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा होत्या. तेव्हापासून मी आज्ञेत नेहमी ‘--सेव्हज’ आणि त्यापुढे एक ठरलेला मार्ग लिहितो, तसेच ‘--लॉग’ देऊन लॉगची फाइलही तिथेच ठेवतो. तुमच्यासारख्या मित्रमंडळाला ‘क्विटआयडल’ची गरज आहे असे मला वाटत नाही, तो काढून टाका आणि उठताना सर्व्हर हाताने बंद करा. कंट्रोल आणि सी दाबून बंद केला तरी सर्व्हर जाता जाता खेळ जतन करतो. वीज गेल्यावर मात्र त्याला तेवढी उसंत मिळत नाही, म्हणून ‘सेव्हटर्न्स’ हे सेटिंग १ ठेवावे, म्हणजे जास्तीत जास्त एका फेरीचेच नुकसान होईल.

प्रश्न : प्रत्येक फेरीला पाच मिनिटांची मर्यादा हवी म्हणून मी आज्ञेत ‘--टाइमआउट ३००’ लिहिले, तर सर्व्हर सुरूच होत नाही. पोर्ट बदलण्याचा पर्याय मात्र चालतो. काही गोष्टी आज्ञेत चालतात आणि काही चालत नाहीत, यामागे काय हिशेब आहे?
(एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : हिशेब सरळ आहे, आणि तो एकदा कळला की पर्यायांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. आज्ञेत जे पर्याय द्यायचे ते सर्व्हर या प्रोग्रॅमविषयीचे असतात : त्याने कोणत्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) ऐकावे, कोणत्या फोल्डरमध्ये जतन करावे, लॉग कुठे लिहावा, कोणती फाइल उघडून सुरुवात करावी, बाहेरच्या जगाला आपले अस्तित्व कळवावे की नाही. खेळात काय घडावे, म्हणजे फेरी किती सेकंदांची असावी, संगणकाची राज्ये किती असावीत, हे सगळे सर्व्हर सुरू झाल्यानंतर त्याच्या स्वतःच्या आज्ञांनी ठरते. ‘टाइमआउट’ या दुसऱ्या गटातला आहे, त्यामुळे आज्ञेतला तुमचा पर्याय सर्व्हरने ओळखला नाही.

या दोन गटांना जोडणारा पूल म्हणजे ‘--रीड’ हा पर्याय. एक साधी मजकुराची फाइल तयार करा, तिच्यात सर्व्हरच्या आज्ञा एका ओळीला एक याप्रमाणे लिहा आणि तिचे नाव ‘--रीड’पुढे द्या, सुरू होताना सर्व्हर ती वाचून घेतो. उदाहरणादाखल आमच्या घरची फाइल सांगतो. पहिल्या ओळीत ‘रूल्सेटडिर सिव्ह२सिव्ह३’ आहे. नियमसंच आपल्याबरोबर काही सेटिंगेही घेऊन येतो, म्हणून ही ओळ सर्वांत वर हवी. ती खाली गेली तर वर केलेले बदल पुसले जाऊ शकतात. त्यानंतर ‘सेट मिनप्लेयर्स ३’, म्हणजे तीन माणसे जमल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. पुढे ‘सेट एआयफिल ६’ आहे. याचा अर्थ संगणकाची सहा राज्ये असा होत नाही. माणसे धरून एकूण सहा राज्ये होतील इतपत संगणक भर घालतो. मग तुम्हाला हवे असलेले ‘सेट टाइमआउट ३००’ आणि शेवटी ‘सेट सेव्हटर्न्स १’.

‘टाइमआउट’ला ० दिले तर वेळेचे बंधन राहत नाही. नोकरदार माणसे दिवसाला एक फेरी अशा चालीने खेळतात, तेव्हा तिथे ८६४०० लिहितात. कोणत्याही सेटिंगचा अर्थ पाहायचा असेल तर सर्व्हरच्या खिडकीत ‘एक्सप्लेन’ आणि पुढे त्याचे नाव टंका. त्याची सध्याची किंमत आणि मर्यादाही तिथेच दिसतात. हाताने केलेली सेटिंगे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायची असतील तर ‘राइट’ ही आज्ञा फाइलच्या नावासह द्या, म्हणजे सर्व्हर तुमच्यासाठी ती फाइल स्वतः लिहून देईल. फाइलमध्ये ‘स्टार्ट’ ही ओळ मात्र घालू नका. सर्व्हर फाइल वाचतो त्या क्षणी कोणी जोडलेले नसते; सर्वांनी आपापल्या क्लायंटमध्ये सुरुवातीचे बटण दाबले की खेळ आपोआप सुरू होतो.

आणखी एक खबरदारी. पर्यायांच्या लघुरूपांत लहान आणि मोठे अक्षर वेगळे धरले जाते. लहान ‘-एम’ म्हणजे मेटासर्व्हरला, अर्थात चालू खेळांच्या सार्वजनिक यादीला, कळवा. मोठा ‘-एम’ म्हणजे त्या यादीचा पत्ता. लहान ‘-एस’ म्हणजे जतन करण्याचे फोल्डर, तर मोठा ‘-एस’ म्हणजे सर्व्हरची ओळखखूण. अशा चुका नजरेला पटकन दिसत नाहीत, म्हणून मी नेहमी पूर्ण नावेच लिहितो.

प्रश्न : माझी मुलगी म्युनिकला असते आणि मुलगा पुण्यात आमच्यासोबत राहतो. तिघांनी खेळावे अशी फार इच्छा आहे. घरातल्या घरात सर्व्हर उत्तम चालतो, परंतु मुलीला जोडता येत नाही. राउटरमध्ये ५५५६ हे पोर्ट उघडले, ते बदलूनही पाहिले. शेवटी इंटरनेटवर दिसणारा आपला पत्ता ‘--बाइंड’पुढे लिहिला, तर सर्व्हर सुरू होईनासाच झाला.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी ‘--बाइंड’ काढून टाका. या पर्यायात संगणकाच्या स्वतःच्याच एखाद्या जोडणीचा पत्ता द्यायचा असतो, आणि इंटरनेटवर दिसणारा पत्ता तुमच्या संगणकाचा नसतो, त्यामुळे सर्व्हरला तिथे बसताच येत नाही. ‘--आयडेंटिटी’ हा पर्यायही उपयोगाचा नाही. मेटासर्व्हरवर किंवा घरच्या जाळ्यात आपण कोणत्या नावाने दिसावे एवढेच तो सांगतो, वाट उघडून देत नाही.

आता मूळ अडचण. राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा पत्ता पाहा आणि इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. आपल्याकडे ही व्यवस्था सर्रास आढळते. अशा वेळी बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे सर्व्हरचा कोणताही पर्याय किंवा पोर्ट बदलून काही साधत नाही. दोष तुमच्या आज्ञेत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण याच ठिकाणी बरीच माणसे हताश होऊन खेळ सोडून देतात.

यातून वाटा निघतात. कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो. अनेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. दोन्ही घरी आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असेल, तर सर्व्हर त्यावरही ऐकू शकतो, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टला परवानगी द्यावी लागते. मुलीच्या घरी सार्वजनिक पत्ता असेल, तर सर्व्हर तिच्याकडे चालवणे सर्वांत सोपे. तुम्ही दोघे पुण्याहून जोडून घ्या. यातले काहीच जमले नाही तर महिन्याच्या भाड्याने मिळणारा एखादा लहानसा लिनक्स सर्व्हर पुरतो, कारण फ्रीसिव्हच्या सर्व्हरला चित्रे दाखवायची नसतात आणि त्याची भूक बेताची आहे.

सुट्टीत घरी पाहुणे जमले आणि सगळेच बाहेरच्या सर्व्हरला जोडू लागले, तर एका पत्त्यावरून चारच जोडण्या स्वीकाराव्यात असे बंधन मुळात असते आणि पाचव्याला नकार मिळतो. ते ‘मॅक्सकनेक्शन्सपरहोस्ट’ या सेटिंगने वाढवता येते.

प्रश्न : भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर फ्रीसिव्ह चालू करतो, पण माझी टर्मिनलची खिडकी बंद केली की खेळही बंद पडतो. आज्ञेच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह देऊन पाहिले, तर तो अर्धवट थांबून राहतो.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : फ्रीसिव्हचा सर्व्हर टर्मिनलवरून आज्ञा वाचत असतो. पार्श्वभूमीत ढकललेला प्रोग्रॅम टर्मिनलवरून वाचू पाहतो तेव्हा लिनक्स त्याला जागीच थांबवते, आणि तुम्हाला दिसते ते हेच. आधी ‘टीमक्स’ (खिडकी मिटली तरी आतले काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा, त्याच्या आत सर्व्हर चालवा, मग कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडल्यावर डी दाबा. खिडकी मिटली तरी सर्व्हर चालू राहील, आणि दुसऱ्या दिवशी ‘टीमक्स अटॅच’ म्हटले की तीच खिडकी पुन्हा समोर येईल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चोवीस विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाच संगणकावर दोन सर्व्हर चालवायचे आहेत. कोणते पर्याय द्यावेत? कोणी दुसऱ्याच्या नावाने शिरू नये यासाठी काय करता येईल?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : एका पोर्टवर एकच सर्व्हर ऐकू शकतो. म्हणून पहिल्याला ‘--पोर्ट ५५५६’ आणि दुसऱ्याला ‘--पोर्ट ५५५७’ द्या, तसेच दोघांचे ‘--सेव्हज’ आणि ‘--लॉग’ पूर्णपणे वेगळे ठेवा, म्हणजे एका गटाच्या फायली दुसऱ्याच्या फायलींत मिसळणार नाहीत. ‘--मेटा’ देण्याचे कारण नाही. तो दिला नाही तर सार्वजनिक यादीत तुमचे सर्व्हर येत नाहीत. सर्व संगणकांवर खेळाची एकच आवृत्ती बसवून घ्या, कारण ३.० चा क्लायंट ३.१ च्या सर्व्हरला जोडला जात नाही.

दुसऱ्याच्या नावाने शिरण्याची शंका रास्त आहे. साध्या सर्व्हरवर नाव हीच ओळख असते, संकेतशब्द विचारला जात नाही. ‘--ऑथ’ हा पर्याय तो विचारायला लावतो. त्याच्या जोडीला ‘--डेटाबेस’पुढे जोडणीची फाइल द्यावी लागते, आणि ‘--न्यूयूजर्स’ दिल्यास नव्या विद्यार्थ्याला स्वतःचे खाते उघडता येते. ‘--गेस्ट्स’ देऊ नका, नाहीतर खात्याशिवायही आत येता येईल. ही सोय सर्व्हर तयार करतानाच त्यात घातलेली असावी लागते, म्हणून आधी ‘फ्रीसिव्ह-सर्व्हर --हेल्प’ चालवून यादीत ‘--ऑथ’ दिसतो का ते पाहा. दिसला नाही, तर प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव आणि संगणक यांची जोडी फळ्यावर लिहून ठेवा. लॉगमध्ये कोण कुठून जोडले गेले याची नोंद होते, तिच्याशी ती ताडून पाहता येईल.