'एमिना'चं शेवटचं कडवं आधी तपासा

बोस्नियाची प्रेम-विरहाची लोकगीतं, म्हणजे सेवदालिंका, गाणाऱ्या हिम्झो पोलोविनांवर श्रवणसत्र ठेवताय आणि रेकॉर्डिंगच्या परवानगीसाठी एका कार्यालयाला तीन मेल टाकून वाट बघताय, हे वाचून हसूच आलं. मी याच रांगेत उभा होतो. मला चौथ्या मेलला उत्तर आलं की अर्ज 'संबंधित विभागाकडे' पाठवलाय. तो विभाग मला अजून सापडायचाय.

पण त्याहून महागात पडला माझाच गाढवपणा. पोलोविनांनी गायलेली 'एमिना' ही मुळात बोस्नियातल्या मोस्तारचा कवी आलेक्सा शांतिच याची कविता, म्हणून मी ती गाण्यातल्या शेवटच्या कडव्यासकट ऐटीत वाचली. शेवटी म्हातारा कवी वारला, एमिनाही गेली, असं येतं. पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले, "कवीने स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच दिली का हो?" सभागृह हसलं, माझा घसा कोरडा. कविता १९०२ची, शांतिच गेला १९२४ला. ज्या शेजारणीवर ती लिहिली, ती एमिना सेफिच पुढे बरीच वर्षं जगली. ती गेल्याचं पोलोविनांनी मोस्तारच्या कवयित्री सेवदा कातित्सांना सांगितलं आणि त्यांच्या तोंडून या ओळी आल्या, असं सांगतात. पोलोविनांनी त्या गाण्याला जोडल्या. माझ्या मते ही भेसळ नव्हे, सेवदालिंका अशीच वाढते. फक्त निवेदनात सांगून टाका.

पोलोविनांचं बाकी चरित्र तुम्हाला मिळेलच: जन्म मोस्तार, १९२७, १९५३पासून रेडिओ सारायेवो, मृत्यू माँटेनेग्रोतलं प्लाव, १९८६. पण ते मेंदू-मनोविकारांचे डॉक्टर होते, हे तळटीपेत ढकलू नका. 'सेवदाह' म्हणजे या गाण्यांतली हुरहुर; त्या शब्दाच्या मुळाशी अरबी 'सौदा' आहे, म्हणजे काळं पित्त, जुन्या वैद्यकातलं उदासीचं कारण. दिवसा त्यावर उपचार करायचे आणि माइकसमोर तेच गायचं! आवाज कधी चढवत नाहीत. अकॉर्डियन ओळ संपल्यावर बोलतो, मध्ये लुडबुड करत नाही.

जाता जाता: पोलोविनांच्या आधी बोस्नियाच्याच गायिका एमिना झेचाय यांचं सझ या तंतुवाद्यावरचं एक गाणं लावा. नुसत्या तारांवरचा गळा ऐकला की कान तयार होतात. मोठ्या वाद्यवृंदाने सुरुवात केलीत तर लोक मोबाइल काढतात.

परवानगीचं म्हणाल तर मी वकील नाही, त्यामुळे माझ्या भरवशावर राहू नका. मी शेवटी कार्यक्रमाचं तिकीटच रद्द केलं, घरच्याच चार सीडी वाजवल्या आणि पाचवा मेल टाकलाच नाही.